ग्राफिक्स कार्ड बसले, पोर्ट रुसले

प्रश्न : डिचोलीत माझे डीटीपी आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान आहे. चतुर्थीच्या कामांची गर्दी सुरू होण्यापूर्वी मी दुकानातील डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड आणि एम.२ एसएसडी (मदरबोर्डच्या खाचेत थेट बसणारी वेगवान साठवण) बसवून घेतली. संगणक व्यवस्थित सुरू होतो, वेगही वाढला आहे. मात्र पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट मेले आहेत, जुन्या कामांच्या फायली असलेली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली आहे आणि मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला दुसरा मॉनिटर काळाच राहतो. भाग बसवणारे गृहस्थ म्हणतात, बोर्ड गेला, नवा घ्या. खरेच तसे असेल का?
— एक व्यावसायिक, डिचोली

उत्तर : बोर्ड गेल्याची शक्यता कमी वाटते. एकाच दिवशी तीन गोष्टी बंद पडल्या म्हणून दोषही एकच असणार, असे वाटणे साहजिक आहे; परंतु आपण दिलेल्या लक्षणांपैकी प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते, आणि त्यातील दोन तर बिघाडच नसावेत.

मॉनिटरचे पाहू. वेगळे ग्राफिक्स कार्ड सापडले की बरेचसे मदरबोर्ड प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे बोर्डावरील एचडीएमआय पोर्टला चित्रच मिळत नाही. दोन्ही मॉनिटर नव्या कार्डाला जोडा, काम संपले. कार्डावर तेवढे पोर्ट नसतील, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्याय शोधावा लागेल.

हार्ड डिस्कची गोष्टही अशीच असावी. अनेक बोर्डांवर एम.२ची खाच आणि साटाचे (हार्ड डिस्कची केबल जिथे लागते ते) एक-दोन पोर्ट एकाच मार्गिकेवर असतात. खाचेत एसएसडी बसली की ते पोर्ट गप्प होतात. नेमके कोणते, हे बोर्डाच्या पुस्तिकेतील तक्त्यात छापलेले असते. डिस्कची केबल दुसऱ्या साटा पोर्टात लावून पाहा. कॅबिनेटमध्ये हात घालताना डिस्कची वीजजोडणी सैल झालेली नाही ना, हेही त्याच वेळी बघा. डिस्क दिसू लागल्यावर विंडोजने ती ‘इनिशिअलाइझ’ (कोरी समजून नव्याने तयार) करू का असे विचारले, तर होकार देऊ नका. त्यात आपल्या जुन्या फायली आहेत.

खरी तपासणी हवी ती पुढच्या यूएसबी पोर्टांची, कारण ग्राहकांचे पेनड्राईव्ह तिथेच लागतात आणि झेरॉक्सच्या दुकानाचे पोट त्यांवर चालते. एक कीबोर्ड पुढच्या पोर्टात लावून बायोसमध्ये जा. तिथे तो चालला, तर तारा शाबूत आहेत आणि दोष विंडोजमध्ये आहे. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधील (विंडोजमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीतील) यूएसबी रूट हबच्या नोंदी काढून संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा भागते. बायोसमध्येही चालला नाही, तर कॅबिनेट उघडा. त्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून वीजतार काढा, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. पावसाळ्यातील आपल्या दमट हवेत स्थिर वीज कमी साठते हे खरे. पण तेवढ्या भरवशावर निष्काळजी राहू नये.

पुढच्या यूएसबी ३.० पोर्टांची केबल जाड आणि ताठ असते, आणि ती बोर्डावरील १९ पिनांच्या जोडणीत बसते. लांबलचक ग्राफिक्स कार्ड बसवताना ती वाटेत येते, म्हणून बसवणारे ती उपसून काढतात आणि नंतर घाईत पुन्हा दाबतात. तेवढ्यात एखादी पिन वाकते. टॉर्चच्या उजेडात वरून पाहिले, तर सरळ रांगेतून एक पिन शेजारणीवर कललेली दिसते. बारीक चिमट्याने ती हळूहळू सरळ करता येते. एकाच हिसक्यात केली तर तुटते. केबल नुसतीच अर्धवट बसली असेल, किंवा कार्डाच्या दाबाने एका बाजूने उचलली गेली असेल, तर आपले काम आणखी सोपे. माऊस लावल्यावर त्याचा तांबडा दिवा लागतो पण बाण हलत नाही, असे दिसले तर वीज पोहोचते आहे आणि माहितीच्या पिनेत गडबड आहे, असे समजावे. पिनांवर हिरवट थर दिसला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसून पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या ओलीमुळे हे वारंवार करावे लागते.

एवढे करूनही पोर्ट उठले नाहीत, तरी लगेच बोर्ड घेऊ नका. त्याच बोर्डावर यूएसबी २.०ची ९ पिनांची जोडणी बहुधा मोकळी असते. १९ पिनांची केबल तिथे लावण्याचा लहान अडॅप्टर मिळतो. वेग ४८० मेगाबिटवर येईल, परंतु ग्राहकाची पीडीएफ उघडायला तो पुरेसा आहे.

प्रश्न : नव्या मदरबोर्डवर विंडोज ७ टाकताना सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर माऊस आणि कीबोर्ड मरतात. बायोसमध्ये मात्र ते चालतात. पोर्ट सदोष आहेत का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : नाहीत. विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३.०चे ड्रायव्हर (उपकरण चालवणारी छोटी प्रणाली) नाहीत, आणि इंटेलने २०१५ साली आलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिप) जुना यूएसबी २.० नियंत्रक काढून टाकला. त्यामुळे सेटअपला हे पोर्ट चालवताच येत नाहीत. बोर्डावर गोल पीएस/२ पोर्ट असेल, तर तसा कीबोर्ड लावून सेटअप पुरा होईल, आणि ड्रायव्हर नंतर टाकता येतील. परंतु या प्रणालीची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आहेत. एखादे जुने यंत्र तिच्यावरच चालत असेल, तर तो संगणक इंटरनेटला जोडू नये.