मेंदूची शरीररचना शिकायला सुरुवात करताना

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तुम्ही पहिल्या वर्षाला आला आहात, त्याबद्दल अभिनंदन. नावांच्या यादीने घाबरू नका. आरंभी मोजक्याच गोष्टी पक्क्या कराव्या लागतात.

मेंदूचा नमुना हातात घेतल्यावर त्याचा पुढचा-मागचा भाग आणि डावी-उजवी बाजू ठरवल्याशिवाय एकही नाव उच्चारू नका, कारण तोंडी परीक्षेतला गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. मग सेंट्रल सल्कस, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरची मधली खाच, शोधा. तिच्या पुढच्या वळीतून हालचालींच्या आज्ञा निघतात, मागच्या वळीकडे स्पर्शाच्या संवेदना पोहोचतात आणि दोन्हींचा संबंध शरीराच्या विरुद्ध बाजूशी असतो. एवढे समजले, की मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णाचा उजवा हात का लुळा पडतो, हे पाठ करावे लागत नाही.

नवशिके प्रत्येक कामाला एकच ठिकाण नेमून देतात. 1861 मध्ये फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या डाव्या फ्रंटल लोबमधील (मेंदूच्या पुढच्या भागातील) इजा दाखवली, हे खरे. तरी बोलण्यासाठी मेंदूचे अनेक भाग मिळून राबतात. माणूस मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो, हे तर निखालस खोटे आहे.

बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके) आणि तंतुमार्गांचे (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्यांचे) तपशील सध्या बाजूला ठेवा. रोज मेंदूची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि तळ यांच्या आकृत्या न पाहता काढा (चित्रकला बेताची असली तरी चालते), आणि तळाची आकृती जमू लागल्यावरच कवटीतील चेतांच्या 12 जोड्यांकडे वळा.