‘ससाण्याचा आदेश’ नव्हे

प्रश्न : “१८१६ साली गटेला ‘पांढऱ्या ससाण्याचा आदेश’ मिळाला” असं जर्मन कवी गटेबद्दल एका अनुवादात वाचलं. मूळ शब्द ‘ऑर्डर’ आहे. इथे मराठीत काय लिहावं?

‘आदेश’ तर मुळीच नको. इंग्रजीत हुकूम आणि हा मान या दोन्हींना ‘ऑर्डर’ म्हणतात, म्हणून हा घोटाळा होतो. जर्मनमध्ये हुकमाला ‘बेफेल’ म्हणतात आणि या मानाला ‘ओर्डन’. मुळात लॅटिन ‘ओर्दो’ म्हणजे ओळ, पंगत. एका नियमाखाली राहणाऱ्या साधूंचा संघ तो ओर्डन. पुढे सरदारांचे संघही ओर्डनच झाले. संघात घेतलेल्या माणसाला खूण म्हणून क्रूस मिळे. कालांतराने संघ मागे पडला आणि गळ्यातल्या क्रुसालाच ओर्डन म्हणू लागले. आज जर्मनमध्ये हे तिन्ही अर्थ चालतात.

गटेला मिळालेल्या मानाची गोष्ट यात चपखल बसते. सॅक्स-वायमार या छोट्या जर्मन राज्याचा ड्यूक अर्न्स्ट आउगुस्ट याने १७३२ साली तो स्थापन केला. नाव ठेवलं फ्रेंचमध्ये, ‘जागरूकतेची ऑर्डर’, कारण तेव्हा जर्मन दरबारांत फ्रेंचचा बोलबाला होता. पुढे ती जवळजवळ विस्मृतीत गेली. नेपोलियनच्या पाडावानंतर वायमारचा दर्जा वाढून कार्ल आउगुस्ट ग्रँड ड्यूक झाला आणि १८ ऑक्टोबर १८१५ रोजी त्याने ती पुन्हा सुरू केली. नेपोलियन जिथे हरला त्या लाइपझिगच्या लढाईला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते. गटेला वायमारला बोलावून घेणारा हाच राजा, त्यामुळे सर्वोच्च वर्गाच्या पहिल्या मानकऱ्यांत गटे असावा हे ओघानेच आलं.

चिन्ह सुरेख आहे. आठ टोकांचा हिरव्या मिन्याचा क्रूस, त्याच्या भुजांमधून डोकावणारी लाल टोकं आणि वर सोनेरी चोचीचा पांढरा ससाणा, फीत लाल. ब्रीद आहे ‘विगिलांदो आशेंदिमुस’, म्हणजे जागे राहून आपण वर चढतो. ब्रीदातल्या दोन्ही क्रिया त्या एका पक्ष्यात आहेत. म्हणून नावात ‘ससाणा’ हवाच, ‘फाल्कन’ तसंच ठेवलं तर ब्रीदाशी असलेली गाठ मराठी वाचकाला दिसत नाही.

शब्द निवडताना मी क्रियापद पाहतो. दाखल करून घेतलं असेल तर ‘मानमंडळ’, छातीवर लावलं असेल तर ‘मानचिन्ह’, नुसतं मिळालं असेल तर ‘सन्मान’. तुमचं वाक्य मी असं लिहीन : “१८१६ साली गटेला ‘श्वेत ससाणा’ हा सन्मान मिळाला.” ‘किताब’ टाळावा, तो नावाला जोडतात, आणि इथे मुख्य गोष्ट चिन्ह आहे.

‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आली की लोक बेधडक ‘गुणवत्ता’ लिहितात. मराठीत गुणवत्ता म्हटलं की दहावीची यादी आठवते. जर्मन शब्द ‘फेअरडीन्स्ट’ आहे, कमावणं या क्रियापदावरून आलेला. त्याला ‘कर्तृत्व’ किंवा ‘कामगिरी’ जवळचं. प्रशिया या जर्मन राज्याच्या ‘पूर ल मेरित’ या फ्रेंच नावाच्या ऑर्डरलाही मी ‘कर्तृत्वासाठी’ म्हणेन. १८४२ साली तिचा विद्या आणि कलांचा वर्ग निघाला, त्यात तेव्हा जर्मन सदस्य तीसच. हे खरोखरीचं मंडळ, आजही चालू असलेलं. म्हणून मॅक्स म्युलरबद्दल लिहाल तेव्हा “१८७४ साली त्यांना पदक मिळालं” असं न लिहिता “या मानमंडळात घेतलं गेलं” असं लिहा.