पुढचा शाफ्ट वाजायलाय? आधी बूट बघा

पेरणीचे दिवस आले की "पुढून कटकट यायलीय, जॉइंट गेला का" हाच प्रश्न माझ्याकडं येत राहतो. गाडी जुनी थार असो, जिप्सी असो नाहीतर जीप, गोंधळ तोच. तेव्हा आधी एक नीट समजून घ्या. पुढं दोन वेगळे शाफ्ट असतात. ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) पुढच्या डिफ्रेन्शियलपर्यंत (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) जातो तो प्रोपेलर शाफ्ट, त्याला क्रॉस, म्हणजे अधिकच्या खुणेसारखे सांधे, असतात. डिफ्रेन्शियलपासून चाकापर्यंत जातो तो अॅक्सल शाफ्ट, त्यात बहुतेक गाड्यांना सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे चाक वळलं तरी ताकद एकसारखी पोचवणारा सांधा. त्यावर ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी कव्हर असतं, तोच बूट. मिस्त्रीला फोनवर सांगताना कुठला ते सांगा, नाहीतर भलताच पार्ट येऊन पडतो.

प्रश्न (परभणी): 2012 ची थार आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की उजव्या चाकातून कटकट येते, सरळ चालताना काहीच नाही. काय असेल?

चाकाकडचा सीव्ही जॉइंट. बहुतेक गेलाच असं समजा, पण जॅकवर घेऊन व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा प्ले (ढिलेपणा) बघितल्याशिवाय पार्ट मागवू नका.

प्रश्न (हिंगोली): बूट फाटलाय पण आवाज नाही. मिस्त्री म्हणतो आवाज येईपर्यंत बिनधास्त चालवा, वरून थोडं ग्रीस भरून देतो. गाडी रोज शेतात जाते.

त्या मिस्त्रीला विचारा, आवाज आल्यावर तो बूट बदलणार का जॉइंट? कारण आवाज सुरू झाला म्हणजे गोळ्यांच्या खाचा खाल्ल्या गेल्या, आणि त्या काही परत भरून येत नाहीत. सीव्ही जॉइंट आपणहून फार क्वचित जातो हो, त्याला घालवतो हा फाटलेला बूट, आणि त्याहून जास्त घालवते ही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायची सवय.

आत काय असतं बघा. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहसा सहा स्टीलच्या गोळ्या, त्यांना धरून ठेवणारी जाळी, खाचा पाडलेली वाटी, आणि हे सगळं मोलिब्डेनमच्या काळ्या ग्रीसमध्ये बुडालेलं. बूट फाटला की चाक फिरताना ते ग्रीस बाहेर फेकलं जातं, रिमच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनच्या आर्मवर काळे चिकट शिंतोडे दिसतात, ती पहिली खूण. मग रिकाम्या जागेत माती शिरते. आपली काळी माती ओली असताना बुटाच्या घड्यांमध्ये गच्च बसते, वाळली की कडक होते आणि घडी हलली की रबर चिरतं, त्यात वेचणी झालेल्या रानातून गाडी घातली तर पऱ्हाटीचे नाहीतर तुरीचे खुंट खालून बुटाला लागतात. म्हणून शेतातून आल्यावर गाडी धुवायचीच, फक्त प्रेशरची नळी बुटाच्या क्लिपवर आणि सीलवर सरळ धरायची नाही, आणि धुतल्यावर बॅटरी घेऊन खाली एकदा वाकून बघायचं, घड्या बोटानं फाकवून, कारण चीर घडीच्या तळाशी असते आणि वरवर बूट चांगलाच दिसतो.

आता वरून ग्रीस भरायचं. माती आत तशीच ठेवून त्यावर ग्रीस भरलं तर काय होणार, तीच माती गोळ्यांवर घासत राहणार. काम करायचं तर पूर्ण करा. शाफ्ट काढायचा, जॉइंट खोलून धुवून कोरडा करायचा, उजेडात एकेक गोळी आणि एकेक खाच बघायची. गुळगुळीत असेल तर नवीन बूट, नवीन क्लिपा, आणि किटसोबत आलेली ग्रीसची पुडी सगळीच्या सगळी. व्हील बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथं चालत नाही. खाचेत खड्डा दिसला, नखाला लागला, तर जॉइंट बदला. परत बसवताना हबचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायला सांगा, गन मारून अंदाजानं आवळला तर बेअरिंग जातं. ह्या आठवड्यात लिफ्ट असलेल्या गॅरेजला नेऊन दाखवा, तोवर चिखलात घालू नका.

प्रश्न (जालना): दुकानदार म्हणतो नुसता जॉइंट मिळत नाही, पूर्ण शाफ्ट घ्या, नाहीतर रिकंडिशन घ्या निम्म्या पैशात. खरं आहे का?

काही गाड्यांना जॉइंट वेगळा मिळत नाही हे खरं, पण ते कंपनीच्या पार्ट लिस्टवरून ठरतं, दुकानदाराच्या तोंडावरून नाही. गाडीचा चेसिस नंबर देऊन दुसरीकडं विचारा.

रिकंडिशनचं म्हणाल तर मला ह्या धंद्याचा मनापासून राग आहे. नीट करणारे खाचा परत ग्राइंड करून मापाच्या मोठ्या गोळ्या घालतेत, पण बाजारात येणारा बराच माल म्हणजे जुना जॉइंट धुतलेला, नवीन बूट चढवलेला आणि वरून काळा रंग मारलेला. घ्यायचाच असेल तर शाफ्ट एका हातात धरून जॉइंट सगळ्या बाजूंनी फिरवून बघा, कुठं अडकला किंवा ढिला लागला तर ठेवून द्या. लांबी आणि स्प्लाइनचे दाते जुन्या शाफ्टशी जुळवा. बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून देत नसेल तर घेऊच नका.

प्रश्न (केज): डाव्या बाजूचा शाफ्ट उजवीकडं टाकला की आवाज जातो म्हणतेत.

नाही. बऱ्याच गाड्यांत दोन्हींची लांबीच वेगळी असते, आणि बसला तरी झिजलेला जॉइंट झिजलेलाच राहतो.

प्रश्न (लातूर): जुनी एमएम 540 आहे. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस नवीन टाकले, तेव्हापासून फोर बाय फोर लावली की सगळी गाडी थरथरते. आधी नव्हतं.

आधी नव्हतं तर बसवण्यात चुकलंय. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबोटी कान) एका रेषेत पाहिजेत. स्लिप जॉइंट (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा) खोलताना खूण केली नाही आणि एखादा दाता पुढंमागं बसला तर थरथर येणारच. दुसरं, क्रॉसचा कप ठोकताना आतल्या बेअरिंगची एखादी सुई पडून तळाशी आडवी होते, मग कप पूर्ण आत जात नाही, सर्कलिपची (कप अडवून धरणाऱ्या रिंगची) खाच दिसत नाही, आणि मिस्त्री अजून जोरात हातोडी मारतो. शाफ्ट काढून क्रॉस हातानं चारी बाजूंना हलवून बघा, एकसारखा फिरला पाहिजे. ग्रीसचा निप्पल असेल तर चारही कपांतून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. हे सगळं बरोबर निघालं तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.

आणि हो, ही थरथर डांबरी रस्त्यावर बघत असाल तर आधी ते बंद करा. ह्या गाड्यांना पुढच्या नि मागच्या शाफ्टच्या मधे डिफ्रेन्शियल नाही. वळताना पुढची नि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत टायर घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही आणि क्रॉसवर, जॉइंटवर येऊन बसतो.

प्रश्न (नांदेड): जिप्सीच्या पुढच्या चाकामागच्या गोळ्यातून पातळ काळं तेल गळतंय. ग्रीस जास्त झालं का?

ग्रीस जास्त झालेलं नाही. जिप्सीचा जॉइंट त्या बंद नकलच्या, म्हणजे चाकामागच्या त्या गोळ्याच्या, आत असतो. अॅक्सलचं आतलं सील गेलं की डिफ्रेन्शियलचं ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ करतं आणि बाहेरच्या सीलमधून गळतं. नुसतं बाहेरचं सील बदलून पैसे घालवू नका, नकल खोला, दोन्ही सीलं बदला, जॉइंट धुवून तपासा, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या. डिफ्रेन्शियलच्या ऑइलची लेव्हल आजच बघा.

प्रश्न (बीड): पुढचा क्रॉस तुटायला आलाय, पार्ट यायला वेळ आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून टू व्हीलवर गाडी चालवू का?

पार्ट टाइम फोर बाय फोर असेल तर चालते, लिव्हर टू हायलाच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवायचा. कायम चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर आधी मिस्त्रीला विचारा, सेंटर डिफ्रेन्शियल लॉक केल्याशिवाय ती जागची हलणार नाही. शाफ्ट काढताना गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड लावून. पण चाकाकडचा सीव्ही जॉइंट काढून मात्र गाडी हलवू नका, बऱ्याच गाड्यांत व्हील बेअरिंग त्याच्याच नटानं आवळून धरलेलं असतं, त्यासाठी टो करूनच न्या.