अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या लहान गावांनी आपल्या वारशाच्या जोरावर पर्यटक कसे आणले? असं एखादं गाव बघितलंय का कोणी?

हो, निआ बे. वॉशिंग्टन राज्याच्या पार वायव्य टोकाला मकाह लोकांचं गाव, वस्ती हजारेक. आम्ही सिएटलवाले लाँग वीकेंडला जातो तिकडे, चार-साडेचार तास ड्राइव्ह आहे आणि शेवटचा रस्ता नुसता वळणावळणाचा, म्हणजे जाता जाता सहज थांबलो असं होतच नाही, मुद्दामच जावं लागतं. तरी लोक जातात.

कारण काय तर 1970 मध्ये वादळी लाटांनी जवळच्या ओझेट या मकाहांच्याच जुन्या गावाचा किनारा खचला आणि काहीशे वर्षांपूर्वी दरड कोसळून चिखलात गाडली गेलेली घरं दिसायला लागली. त्या चिखलामुळे लाकूड, टोपल्या, दोऱ्या सगळं टिकलं होतं. वस्तू चोरीला जायला लागल्या तेव्हा जमातीचे तेव्हाचे चेअरमन एड क्लॅपलानहू यांनी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांना बोलावलं. अकरा वर्षं खोदकाम चाललं, 55,000 च्या वर वस्तू निघाल्या. आता खरी मेख इथे आहे: या वस्तू बाहेरच्या कुठल्या मोठ्या म्युझियमला गेल्या नाहीत, मकाह लोकांनी त्या गावातच ठेवायच्या असं ठरवलं आणि 1979 मध्ये स्वतःचं म्युझियम उघडलं. त्या शहरात गेल्या असत्या तर निआ बेला कोण आलं असतं सांगा.

आत देवदाराच्या फळ्यांचं अख्खं लाँगहाऊस उभं केलंय, आपण आत शिरू शकतो, व्हेलच्या शिकारीच्या होड्या आहेत. पर्यटकाला अमेरिकेतला ‘इंडियन’ म्हटलं की तंबू आणि पिसांचा टोपच आठवतो, पण ते मैदानी प्रदेशातल्या जमातींचं, यांचं नाहीच. यांनी ते खपवलं नाही हे मला फार आवडलं. आणि तीच संस्था मकाह भाषाही शिकवते, म्हणजे उद्या एकही पाहुणा आला नाही तरी तिचं काम थांबणार नाही.

पैशाचं म्हणाल तर फिरायला रिक्रिएशन परमिट लागतं, ते गावातल्या दुकानांत विकत मिळतं, त्यामुळे आलेला माणूस बहुधा आधी दुकानात जातोच, मग स्मोक्ड सामन मासा वगैरे होतंच. मग केप फ्लॅटरी या भूशिराची पायवाट, ओल्या जंगलात लाकडी फळ्या टाकलेल्या, टोकाला कठड्याचे ओटे आणि समोर टाटूश बेट.

अजून एक, कोविडमध्ये 2020 ते 2022 अशी जवळजवळ दोन वर्षं त्यांनी बाहेरच्यांना गाव बंदच ठेवलं होतं. धंदा बुडेल म्हणून कुरकुर झाली असेलही, पण म्हातारी माणसं आधी. जमीनही त्यांची, गेटही त्यांचंच, म्हणून ते जमलं.

जाणार असाल तर ऑगस्टअखेर मकाह डेजला जा, होड्यांच्या शर्यती असतात. राहायची सोय मात्र आधीच बघून ठेवा. आणि गावात दारू मिळत नाही.