डॉक्टर गोळ्या देतात, सायकॉलॉजिस्ट सराव सांगतात, ऐकायचं कोणाचं?

ओसीडी (नकोसे विचार सतत येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) असलेल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दाराच्या कडीला हात लागला की मुलगा तासभर हात धुवायचा. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी सेरट्रालीन (ओसीडीवरचं औषध) रोज आणि फार घाबरायला झालं तरच क्लोनाझेपाम (भीती लगेच शांत करणारी गोळी) दिलं होतं. सायकॉलॉजिस्टकडे ईआरपीचा, म्हणजे भीतीला सामोरं जाऊनही ती कृती न करण्याचा, सराव चालू होता: कडीला हात लावायचा, न धुता थांबायचं, अस्वस्थता ० ते १०० मध्ये वहीत लिहायची.

महिना झाला तरी फरक नाही. वहीतला आकडा मात्र कधी तिशीच्या वर गेलेला नव्हता. तिथेच शंका यायला हवी होती. मुलगा सरावाआधी रोज क्लोनाझेपाम घेत होता. भीती नीट वर आलीच नाही, त्यामुळे ‘न धुताही निभावतं’ हा अनुभवही त्याला मिळाला नाही. निभावलं ते गोळीमुळे, असंच त्याला वाटत राहिलं. सरावाची वेळ डॉक्टरांना माहीत नव्हती, गोळीची सायकॉलॉजिस्टना. त्यात आई गुण येत नाही म्हणून सेरट्रालीन बंद करायला निघालेली. ओसीडीत या औषधाचा परिणाम पुरेशा डोसवर ८ ते १२ आठवडे पाहावा लागतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञांना माहिती देता येते. तरीही मुलाची लेखी संमती घेतली. काय सांगायचं आणि काय नाही, हे त्याने ठरवलं. मग डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट यांचा फोन झाला आणि एक पानाची चिठ्ठी दोन्हीकडे गेली: निदान, औषधं व वेळा, सरावाची पायरी, पुढची तारीख, आत्महत्येचे विचार आले तर आधी फोन कोणाला. प्रगती दोघांनी एकाच वाय-बॉक्स मापनावर (ओसीडीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) मोजायची ठरली. औषधाचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. रोज घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून ते त्यांनी हळूहळू उतरवलं, आणि तेवढ्या काळात सायकॉलॉजिस्टनी सराव सोप्या पायरीवर आणला.

एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली होती. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ असं मुलगा दिवसभर विचारायचा आणि आई दर वेळी ‘हो’ म्हणायची. तो ‘हो’ही धुण्यासारखाच काम करतो. मानसोपचार समाजकार्यकर्तीने आईसोबत बसून ही उत्तरं टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतली, मुलाला आधी सांगूनच.

तुमच्या घरी असंच चालू असेल तर सरावाच्या वहीत ‘गोळी किती वाजता घेतली’ असा रकाना आखा, आणि तीच वही दोघांनाही दाखवा.