वाटीत खड्डा असलेला तंबाखूचा नवा पाइप: सुरुवात कशी करावी

पाइप ज्या ब्रायर झुडपाच्या मुळाच्या लाकडापासून बनतो, त्या मुळात बारीक खड्डे असतातच. बाहेरच्या बाजूला खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर दुर्लक्ष करा, तो फक्त दिसण्याचा दोष. वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या आत, त्यातही तळाशी खड्डा असेल, तर मात्र तिथून लाकूड जळू शकतं. सिगारची राख पाण्यात घट्ट कालवून तिथे लिंपा आणि २४ तास वाळू द्या. मध वगैरे नको.

- पहिले पाच-सहा वेळा वाटी एक तृतीयांशच भरा, मग अर्धी, मग पूर्ण. तळाशी काजळीचा थर आधी बसला पाहिजे.
- झुरके सावकाश. वाटी गालाला लावून चटका बसला तर खाली ठेवा, विझली तर विझू द्या. नवशिक्यांचे पाइप जळतात ते बहुधा घाईनेच.
- गरम असताना तोंडात धरायची दांडी काढू नका, सांधा तडकतो. गार झाल्यावर आतून पाइप क्लीनर (केसाळ तार) फिरवा आणि पाइपला निदान एक दिवस विश्रांती द्या.

काजळीचा थर दीड मिलिमीटरपर्यंत ठेवा; जाड झाला की तापून फुगतो आणि वाटीला चीर पाडतो. खरवडायला चाकू नको, बोथट साधन घ्या.

बाहेरून काळा डाग पसरू लागला तर ओढणं तिथेच थांबवा. आतून लाकूड जळतंय.