भुसावळच्या रेल्वेवाल्यांसाठी टीए: काय मिळतं, काय नाही

प्रश्न असा आहे: मे 2025 मध्ये टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मी (प्रादेशिक सेना), बोलावल्याची बातमी आली. टीए ही खरी आर्मी की एनसीसीसारखं काही? आणि भुसावळला असिस्टंट लोको पायलट असलेल्या चुलतभावाला रेल्वेच्या टीए रेजिमेंटमध्ये जाता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते कडू आहे. रेल्वे इंजिनिअर रेजिमेंट (टीए) सहा होत्या. त्यातली बिहारच्या जमालपूरची तेवढी ठेवून बाकीच्या पाच बंद करायचं ठरलं. त्यामुळे तो रस्ता जवळपास बंदच समजा.

त्या रेजिमेंट होत्या तरी कशाला? युद्धात किंवा संपात गाड्या थांबल्या तर वर्दी घालून त्या चालवायला. 1974 च्या संपात त्यांना बोलावलं होतं. हे काम नेहमीच्या फौजीला का जमत नाही, ते भावालाच विचारा. लोको पायलटला आधी सेक्शनचं रोड लर्निंग करावं लागतं: चढ कुठे, वळणाआडचा सिग्नल कोणता, न्यूट्रल सेक्शन (वरच्या तारेत वीज नसलेला छोटा तुकडा) कुठे. न्यूट्रल सेक्शनच्या आधी 500 आणि 250 मीटरवर बोर्ड असतात. तिथे डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर, उघडून गाडी नुसत्या वेगावर पुढे काढायची. वेग कमी पडून इंजिन मधेच थांबलं, तर वर तारेत वीजच नाही. मालगाडी जागेवर बसते आणि मागची अख्खी लाईन अडकते. ही समज महिनाभराच्या ट्रेनिंगने येत नाही. म्हणून कामावरचा रेल्वेवालाच टीएत घ्यायचा, असा हिशोब होता.

आता पहिला प्रश्न. टीए ही खरीच आर्मी आहे, फक्त अर्धवेळ. कायदा 1948 चा. 9 ऑक्टोबर 1949 ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. त्याआधी इंग्रजांची 1920 ची टेरिटोरियल फोर्स होतीच. काम दुय्यम नाही, पूरक आहे: पहारे आणि ठाण्यांच्या बंदोबस्तातून नियमित फौज मोकळी करणं, आपत्तीत प्रशासनाला हात देणं, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं. 2025 च्या आदेशात 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन बोलवायला परवानगी होती.

लोक फसतात ते ‘एम्बॉडी’ या शब्दावर. तुकडी एम्बॉडी झाली, म्हणजे बोलावून ड्युटीवर घेतली, की पगार-भत्ते नियमित सैन्यासारखेच. घरी पाठवलं की ते बंद. पेन्शनला एम्बॉडीड सेवाच मोजतात, जवानाला 15 वर्षं, अधिकाऱ्याला 20. म्हणून रावेरचा केळीवाला किंवा पगारदार माणूस इथे नीट बसतो. ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटणारा नाही.

भाऊ पदवीधर असेल तर अधिकारी म्हणून अर्ज करू शकतो. वय 18 ते 42, हाताला कमाई हवी. लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी (सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड करणारं मंडळ), शेवटी मेडिकल. निवड झाली की वर्षाला साधारण दोन महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं वेगळं ट्रेनिंग. टीएची एक इन्फंट्री तुकडी देवळालीला आहे. छत्रपती संभाजीनगरलाही एक आहे, पण ती झाडं लावणारी इकॉलॉजिकल बटालियन, तिथे मुख्यतः माजी सैनिक घेतात.

रेल्वे कर्मचाऱ्याला विभागाचं ना हरकत पत्र लागतं. रनिंग स्टाफ, म्हणजे गाड्यांवरचे कर्मचारी, आधीच अपुरा असतो, त्यामुळे दोन महिने सोडायला वरिष्ठ कुरकुरणारच. त्या पत्रासाठीचा अर्ज लेखीचा निकाल लागेपर्यंत थांबवू नका, फॉर्म भरतानाच टाकून द्या.